ठोकळ्यांच्या गावातला लाल गोठा

…आणि वरून ती धम्मदीपा मला विचारते, "दादा, तुमचे पाय काहून कापून राह्यले?" आता काय सांगू हिला? म्हटलं, पंख्याचं वारं लागतंय गं. तर म्हणते, "लाईन तं सकाळपासून गेलेली हाये!" नववीतली पोरगी! हिला मीच शिकवलं होतं की प्रश्न विचारायला घाबरायचं नाही. घ्या! शिकवा अजून!

तुम्हाला सांगतो, भ्यायचं काही कारण नव्हतं. एक माणूस एक खेळ बघायला येणार होता, बस्स. आता तो माणूस दौलतसिंगभाऊ होता आणि त्या खेळात आम्ही त्याचा गोठा पाडला होता, ही गोष्ट वेगळी.

थांबा, असे बघू नका माझ्याकडे. खरा गोठा नाही हो! खरा गोठा आहे तसा उभा आहे, आत म्हशी आहेत, गोऱ्हा आहे, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पार टिनापर्यंत रचलेलं आहे. आम्ही पाडला तो लॅपटॉपवरचा. ठोकळ्यांचा. माऊसनं. पण गावात बातमी जाते तेव्हा माऊस मागे राहतो ना… पानठेल्यावर पोचेपर्यंत तिचं झालं, "विमलबाईच्या पोट्ट्यानं दौलतसिंगचा गोठा पाडला." विमलबाई म्हणजे माझी आई. पोट्टा म्हणजे मी, प्रसेनजित. बंगळूरला शिकून आलेला, एमए झालेला, आणि मेडशीहून आत जीपला लटकून गावात परत आलेला एकमेव माणूस. बाकीचे सगळे बाहेर जायच्या जीपला लटकतात.

का परत आलो? आमचे तिथले प्राध्यापक होते, फार थोर माणूस, डोळे मिटून बोलायचे. "प्रसेनजित, नागरिकत्व शिकवता येत नाही. नागरिकत्वाचा… सराव करावा लागतो." आणि मग डोळे उघडून म्हणायचे, "आणि आजच्या मुलांना सरावासाठी आभासी जगासारखी दुसरी जागा नाही." मी भारावलो हो! मित्रांच्या मागे लागून जुने लॅपटॉप गोळा केले, गावात आलो, ग्रामपंचायतीकडे एक खोली मागितली. खोली मिळाली. चावी मात्र दौलतसिंगभाऊंकडे.

आता तुम्ही विचाराल, चावी त्यांच्याकडे का, ते कोण, सरपंच का? नाही. सरपंच गोमतीबाई. दौलतसिंगभाऊ त्यांचे यजमान. पण सरपंचाच्या खुर्चीत कोण बसतं? दौलतसिंगभाऊ. भाषण कोण करतं? दौलतसिंगभाऊ. झेंड्याची दोरी कोण ओढतं? आता मीच कशाला सांगू! गोमतीबाई बाजूला उभ्या राहतात, पदर सावरून, आणि फोटोत अर्ध्या येतात. खोली देताना त्यांनी मान हलवली आणि भाऊंनी चावी खिशात टाकली. "रोज सकाळी येऊन घेत जाय," म्हणाले, "आन् पोट्ट्यांना बिघडवू नको, काय?"

म्हटलं, नाही बिघडवणार. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की बिघडवणार नाही!

तर तो खेळ असा. रिकामं रान दिसतं, ठोकळ्यावर ठोकळा रचायचा, काय पाहिजे ते बांधायचं, आणि प्रत्येकाचा एक छोटा माणूस असतो, तो त्यात चालतो, पळतो, उड्या मारतो, आपण टाइप केलेलं दुसऱ्याशी बोलतो. मी पोरांना म्हटलं, आपण आपलं गाव बांधायचं. जसंच्या तसं. आणि मग ते आपणच चालवायचं. पोरांनी काय केलं? पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीपाशी डायनासोर उभा केला. म्हटलं, काढा रे तो. तर वर्षाराणी, ही एवढीशी सहावीतली, वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती तिथं तिच्या ठोकळ्याच्या माणसाकडून बोलली, "दादा, आपन ठराव घेऊ ना. बहुमतानं काढू."

बहुमतानं! सहावीतली! माझ्या अंगावर काटा आला तुम्हाला सांगतो. तेव्हाचा काटा आनंदाचा होता.

आणि मग सुरू झाली ग्रामसभा. रोज! ठोकळ्यांच्या पिंपळाखाली! कुणाच्या माणसाला डुकराचं मुंडकं लावलेलं, कुणी अंगावर नुसता भोपळा घातलेला, पण सभा म्हणजे सभा. त्यांनीच नियम केले. उडत येऊन बोलायचं नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं नाही. जो झोपला त्याला हाजर धरायचं नाही. मोकाट जनावर आणि मोकाट माणूस, दोघांना एकाच कोंडवाड्यात टाकायचं, आणि मालकानं येऊन 'हे माझं' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. आणि एक नियम वर्षाराणीचा… सरपंचाच्या खुर्चीवर सरपंचच बसेल. दुसरं कुणी बसलं की खुर्ची त्याला उडवून नाल्यात टाकेल. ते यंत्र नवीननं बसवलं. नवीन म्हणजे दौलतसिंगभाऊंचा सख्खा पुतण्या!

मी टाळ्या वाजवल्या हो! मीच! एकटा उभा राहून!

मग गाव मोजायला पोरं खरीखुरी गल्लोगल्ली फिरली, पावलं टाकत. वस्तीपासून शाळेपर्यंत. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे. शाळेची वाट पुलावरून सरळ आहे, म्हणजे होती, मधे भाऊंचा गोठा आला, आता पोरी नाल्यातून फिरून जातात, चपला हातात घेऊन. हे सगळ्यांना माहीत आहे. इतकं माहीत आहे की कुणाला दिसत नाही. मी याच नाल्यातून शाळेत गेलो, माझा एक सँडल अजून तिथंच असेल. मलाही दिसलं नाही कधी! पण धम्मदीपानं गोठा ठोकळ्यांचा रचला आणि थांबली. म्हणाली, "दादा, लाईनचा खांब कुठी लावू?" म्हटलं, जिथं आहे तिथं लाव. म्हणाली, "गोठ्यात हाये."

गोठ्यात आहे! खरंच आहे! रस्त्याचा विजेचा खांब भाऊंच्या गोठ्यात आहे, टिनातून वर निघालेला. त्याला म्हैस बांधतात. धम्मदीपा म्हणाली, "खांब तं रस्त्याच्या कडंनं असते. मंग खांब गोठ्यात गेला, का गोठा रस्त्यात आला?" नवीन म्हणाला, "खांब चालते का वं?" सभा भरली. भोपळा उठला, डुक्कर उठलं, गोठ्याला नोटीस दिली, मुदत दिली, मुदत संपली, आणि एकमतानं, नवीनच्या मतासकट, गोठा साफ! वाट मोकळी! सगळी पोरं त्या वाटेनं ठोकळ्यांची माणसं घेऊन पळत सुटली, वस्ती ते शाळा, शाळा ते वस्ती. मी म्हटलं, याला म्हणतात लोकशाही! शिक्षकानं घाबरायचं नसतं! बदल असाच येतो!

दुसऱ्या दिवशी चावी घ्यायला गेलो तर भाऊ खाटेवर. पाय हलवत. हसत. ते हसतात ना, तेव्हा जास्त भेव वाटतं. "काबे, एमए… माहा गोठा पाडला म्हनते तुमी?"

"नाही भाऊ, ते… आभासी आहे."

"भासी असो का मावशी असो. मी दुपारून येतो पाहाले. दिसला पाह्यजे गोठा. नाई दिसला तं," चावी बोटावर गोल फिरवली, "खोलीत कुटार टाकाचं हाये मले. जागा पुरून नाई राह्यली."

तुम्हाला सांगतो, भ्यायचं काही कारण नव्हतं! मी घटना वाचलेला माणूस! ग्रामपंचायत अधिनियम वाचलेला माणूस! सत्तेपुढं ताठ उभं राहावं यावर माझा निबंध आहे, त्याला बक्षीस आहे, ते बक्षीस घरी टीव्हीवर आहे. पण चावी हातात घेतली आणि घामानं सटकली. डोळ्यांपुढं खोली दिसायला लागली, लॅपटॉपवर कुटार, खुर्च्यांवर कुटार, आणि बाहेर उभी वर्षाराणी, परत तोंड मिटलेली. आणि आई याच गावात राहते. आणि आम्ही नाल्यापलीकडचे. हे मी बंगळूरला विसरलो होतो, खाटेसमोर उभं राहिल्यावर लगेच आठवलं.

मग मी काय केलं? पोरं शाळेत होती. मी खोलीत गेलो, दार लोटलं, आणि गोठा परत बांधायला बसलो. हो! मीच! बक्षीसवाला! एक ठोकळा ठेवायला जातो तर तीन विहिरीत. वेळ कुठला! मग दिसलं, खेळात तयार गोठे मिळतात, एक बटण दाबलं की उभे. दाबलं! आणि काय उभं राहिलं? लालभडक, दुमजली, पांढऱ्या चौकटींची दारं, वर उतरतं छप्पर, छपरावर वारा दाखवणारा लोखंडी कोंबडा! परदेशातला गोठा हो! तिकडच्या गाई राहत असतील अशा ठिकाणी, आमच्याकडे असा बंगला रिसोडच्या व्यापाऱ्याचा पण नाही! काढू म्हटलं तर बाहेरून भाऊंचा खोकला ऐकू आला.

आले. भाऊ पुढे, कुलपातली चावी काढून खिशात टाकत, मागे गोमतीबाई, त्यांच्यामागे पानठेल्यावरची रिकामी मंडळी, आणि शाळा सुटल्यामुळं पोरं. माझी आई पण आली, कामावरून थेट, दारात उभी. लाईन गेलेली, खोलीत अंधार, नुसते लॅपटॉपचे उजेड तोंडावर. पोरांनी पडद्याकडे बघितलं. लाल गोठा. मग माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या झाडूकडे बघत उभा. तेव्हाच धम्मदीपानं ते पायांचं विचारलं!

भाऊ वाकले. डोळे बारीक केले. "हा माहा गोठा?"

मी म्हटलं, "हो भाऊ."

"असा दिसते?" भाऊंची मान हळूहळू वर गेली, कोंबड्यापर्यंत. "अबे… लय झ्याक हाये बे! पाहा ना! दुमजली!" पानठेलावाले पण पुढं झाले, वा भाऊ, वा भाऊ! माझ्या जिवात जीव आला. सुटलो, म्हटलं! आणि तेवढ्यात भाऊंच्या कपाळाला आठी. "पन काबे… याच्यात आपला खांब नाई दिसून राह्यला."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

धम्मदीपा अगदी गोड आवाजात, "कोनता खांब काका?"

"अवं लाईनचा खांब! गोठ्यात हाये ना आपल्या! रस्त्याचा…" आणि थांबले. "रस्त्याचा" तोंडातून निघून गेला होता, परत कसा घेणार! पानठेलावाले छताकडे बघायला लागले. भाऊ चिडले. चिडणारच! "सरका! मले पाहू द्या पुरं गाव. कुठी बसाचं? मले त्या सरपंचाच्या खुर्चीत बसवा."

"बसता नाई येत काका," वर्षाराणी. बोलली! खरी! ठोकळ्याची नाही, स्वतःच्या तोंडानं! मी घाबरून तिचं तोंड दाबायला निघालो होतो, खोटं कशाला सांगू… पण पायच उचलेना. "थे सरपंचाची खुर्ची हाये. तुमी बसान तं नाल्यात पडसान."

"मंग बसव सरपंचाले!" भाऊ ओरडले. "जाय वं, बस! बस म्हनतो!"

गोमतीबाई बसल्या. पदर खोचला, माऊस धरला, उंदीर धरावा तसा, दोन बोटांनी. पडद्यावर त्यांचा माणूस आला. पोरांनी आधीच करून ठेवला होता, हिरवं पातळ नेसवलेला. "हे मी? बाई वं!" हसल्या. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. "पन मी कुठी हावो? खुर्ची कुठी गेली?"

आता इथं आणखी एक नियम होता, तो मी विसरलो होतो. गावात येणारा प्रत्येक नवा माणूस आमच्या वस्तीतून सुरू होतो. पोरांनी तसं ठेवलेलं. सरपंच असो का कलेक्टर, वस्तीतून चालत यायचं.

गोमतीबाई निघाल्या. वस्ती, विहार, हातपंप, मग सरळ वाट… आणि धाड्! लाल भिंत. डावीकडं गेल्या, भिंत. उजवीकडं गेल्या, उतार लागला, आणि बाईंचा माणूस गेला नाल्यात, नाकापर्यंत पाणी, हिरवं पातळ वर तरंगतंय. "अवं वं! मी बुडलो ना! काढा मले! कसं काढतेत?" खरंच घाबरल्या हो, खुर्चीत पाय वर घेतले!

धम्मदीपा त्यांच्या कानाशी वाकली. "काकू, आमी रोजच येतो इकडून. पावसाळ्यात तं खरंच बुडाची पाळी येते."

गोमतीबाईंनी माऊस सोडला. पडद्याकडे बघत बसल्या. मग मान न वळवता विचारलं, "हा गोठा कोनं बांधला?"

आणि दौलतसिंगभाऊ… तुम्हाला सांगतो, एवढा मोठा माणूस, मिशीवाला, एक पाऊल मागं सरकला आणि म्हणाला, "मी नाई बांधला! हा… हा लाल वाला मी नाई!"

सगळी खोली वळली माझ्याकडे. मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं, लहानपणी निकालाच्या दिवशी बघायची तसं. काय करणार! म्हटलं, "मी. मीच बांधला. मले भेव वाटलं." बघा, बंगळूरची भाषा गेली, तोंडातून आपली निघाली! घाबरल्यावर माणूस घरचंच बोलतो.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं! पोरांनी तिथंच सभा घेतली. सरपंच गोमतीबाई, नाल्यातून बाहेर काढलेल्या, खुर्चीवर. खुर्चीनं उडवलं नाही त्यांना. विनापरवाना बांधकाम, भोपळ्याचा पाठिंबा, डुकराचं अनुमोदन. लाल गोठा साफ. आणि मी? कोंडवाड्यात. माझा ठोकळ्याचा माणूस उचलून नेला नवीननं, फाटक लावलं. गोमतीबाईंनी विचारलं, "याचा मालक कोन? मालक आला तं सोडू." नियमच तो! मी आशेनं दाराकडे बघितलं. आईनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "माहाच हाये बाई… पन राहू द्या. घरी तरी कोनतं काम करते!"

खरी वाट? सांगतो ना. गोमतीबाई उठल्या, भाऊंसमोर हात पसरला. नुसता हात. भाऊंनी इकडंतिकडं बघितलं, खिशातून चावी काढली, तळहातावर ठेवली. संध्याकाळी भाऊ स्वतः कुटार उपसत होते आणि बाई खांबापाशी उभ्या. आता एका बाजूची टिनं निघालीत, खांबाच्या कडेनं पोरी जातात, चपला घालून. पूर्ण गोठ्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत. खऱ्या ग्रामसभेत हं! आणि "तिथं मी स्वतः बोलन," असं गोमतीबाईंनी सांगितलंय. भाऊ रात्री जेवत नाहीत म्हणे. भेव वाटतं त्यांना. मला फार जवळचे वाटायला लागलेत ते.

आणि खोली सुरू आहे, चावी सुरक्षित आहे. धम्मदीपाकडे. माझ्याकडे नाही हं, गोमतीबाईंनी तिच्या हातात दिली. मी रोज बाहेर पायरीवर बसतो, ती शाळेतून येते, कुलूप काढते, म्हणते, "या दादा, कोंडवाड्यात बसा." आणि मी बसतो, संध्याकाळपर्यंत माझा माणूस त्या फाटकामागे एका गाईशेजारी उभा. बाहेर पडता येत नाही असं नाही हो! खेळाचा चालक मीच, पासवर्ड माझा, एक बटण दाबलं की मी मोकळा, कुणाला कळणार पण नाही… बोट ठेवतो बटणावर. आणि ती वर्षाराणी समोरून नुसती बघते.

तुम्हाला सांगतो, आता भ्यायचं कारण आहे.